मीक्सची ओढ

“उजवा, ओझेला. मागे राहतो तो उजवा पाय,” असं म्हणून त्या पोरीने माझ्या डाव्या गुडघ्याला दोन बोटं लावली. वर्ग चालू होता. आठव्या ॲव्हेन्यूवरचा वरचा मजला, खाली सामान उतरवणाऱ्या ट्रकची घरघर, समोर भिंतभर आरसा आणि आरशात आम्ही सगळे. बहुतेक पोरीबाळी, आणि दोन-चार माझ्यासारख्या, डॉक्टरांनी पाठवलेल्या. सगळ्यांचा डावा पाय ठामपणे पुढे पडत होता, उजवा मागून ओढत येत होता, येता येता उजवा खांदा खाली सुटत होता आणि मान मात्र उलट्या बाजूला वळत होती, त्या खांद्याशी तिचं काही देणंघेणं नसल्यासारखी. माझंही तेच चाललं होतं. फक्त डावीकडून. मी कुणाचं बघून करत नव्हते. रेनाटाने, म्हणजे त्या पोरीने, ‘आता मीक्सची ओढ’ म्हणून एकदा करून दाखवलं आणि माझ्या अंगाने मला न विचारता ते करून टाकलं. बासष्टीच्या बाईचं अंग एखादी गोष्ट पहिल्या झटक्यात करतं, तेव्हा ती त्याला आधीपासून येत असते. हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळल्यावर मी जिथे होते तिथेच, एक पाय मागे ठेवून, उभी राहिले.

“करताय छान, पण उलट्या बाजूने,” रेनाटा म्हणाली. पंचविशीची असेल, केस मागे घट्ट बांधलेले, स्वभावाने गोड. मला न विचारता नावाने हाक मारते ते मला खपत नाही, पण हल्ली सगळीकडे तसंच आहे. “ह्या पावलाची गोष्ट माहीत आहे ना सगळ्यांना?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगायलाच लागली. मिस्टर मीक्स लहान असताना नॉरफोकच्या धक्क्यावर एक लंगडा हमाल होता. छोटा मीक्स दिवसभर त्याच्या मागे मागे चालायचा, अगदी त्याच्यासारखा. घरी आईने बदडलं, पांगळ्याची नक्कल करतोस म्हणून. पण पाऊल अंगात मुरलं ते मुरलंच. त्या एका पावलावर त्यांनी पुढे सगळी पद्धत उभी केली. जॅझ म्हणजे नुसतं पाय आपटणं नाही, अंगाचा एक भाग ठरवून उशिरा येतो, हे जगाला त्यांनी शिकवलं. आज पॅरिसमध्ये जा, टोकियोत जा, जॅझ शिकायला उभं राहिलात की हीच ओढ. “आणि शनिवारी ते स्वतः येणार आहेत, इथे, ह्याच खोलीत. तेव्हा उजवा पाय, काय?” सगळे हसले. मीही हसले असेन. गार्लंड मीक्सने लहानपणी धक्का बघितला असेलच तर क्लीव्हलंडचा, सरोवराकाठचा. नॉरफोक त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नॉरफोकची मी.

सात वर्षांची असताना बर्फाच्या गाडीच्या मागे लटकून जाताना मी पडले. आत्याने गरम विटांनी शेकलं, आणि हाड जसं जुळायचं तसं जुळलं. तेव्हापासून माझा डावा पाय निघायला जरा उशीर करतो. तो उशीर लपवायला मी लहानपणीच युक्ती काढली होती. पाय ओढत आला की डावा खांदा सैल सोडायचा, म्हणजे सगळं अंगच आळसावल्यासारखं वाटतं, आणि मान उजवीकडे वळवायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की पोरगी पलीकडच्या दुकानात काहीतरी बघतेय. बस, एवढंच होतं ते. आरशात त्या सगळ्या पोरी एकदम मान वळवत होत्या आणि कशाकडे बघायचं ते एकीलाही माहीत नव्हतं. मी मात्र नॉरफोकच्या चर्च स्ट्रीटवरचं टोप्यांचं दुकान बघत होते. मला त्या पोरींची कीव आली, मग त्यांचा राग आला, आणि मग लक्षात आलं की राग त्यांच्यावरचा नाही.

लॉजच्या, म्हणजे हार्लेममधल्या एका बंधुमंडळाच्या इमारतीच्या, तळघरात आरसा नव्हता. मी विसाव्या वर्षी न्यूयॉर्कला आले तेव्हा तिथे नाचणाऱ्यांना फुकट मिळणारी ती एकच जागा होती. डोक्यावर पाण्याचे पाईप, उन्हाळ्यात भिंतींना घाम सुटायचा. आरसा नाही म्हणून तिथे जोड्या लावायचे. तुमच्याकडे तोंड करून जो समोर उभा राहील तो तुमची काच. तुम्ही डावा हात उचललात की त्याने उजवा उचलायचा, आरशात दिसतो तसा. स्वतःचं काही करायचं नाही. तुम्ही चुकलात तर त्यानेही तशीच चूक करायची, म्हणजे तुमची चूक तुम्हाला दिसते. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न हाच, तुझी काच कोण? आणि एक कायदा होता, सांगायचीही गरज नसलेला. काचेने काही ठेवून घ्यायचं नाही. समोर उभं राहून पाहिलेली लकब कुणी स्वतःची म्हणून वापरली, तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासमोर कुणी उभं राहायचं नाही. असा एक जण मी पाहिला होता. सगळ्या जोड्या नाचतायत आणि तो एकटा भिंतीकडे तोंड करून. आठवडाभरात बोस्टनला पळाला.

माझी काच गार्लंड होता. अठ्ठावीस वर्षांचा, किडकिडीत, दोनच शर्ट पण दोन्ही कडक इस्त्रीचे. डाउनटाउनच्या एका क्लबासाठी बारा मुलींची रांग बसवण्याचं काम त्याला मिळालं होतं आणि ती रांग म्हणजे त्याच्या आयुष्याचं सोनं होणार होतं. मला त्याने पहिल्या दिवशीच पारखलं. म्हणाला, पोरीत दम आहे, फक्त पाय तेवढा काढून टाकू. पाय म्हणजे लंगडणं. मग तो अख्खा उन्हाळा तो माझ्यासमोर उभा राहून लंगडत होता, मला दिसावं म्हणून, आणि ओझेलाची त्याने झेल करून टाकली होती.

“झेल, बघ. हे असं दिसतं.”

“वाईट दिसतं का?”

“वाईट-चांगलं मी सांगत नाही. बारा जणी आहेत. अकरा पोचतात आणि तू मागून येतेस.”

“मग अकरांना सांग ना थांबायला.”

ह्यावर कोपऱ्यातून होरेस बिडल हसायचा. होरेस ढोलवाला. पालथ्या खोक्यावर बसून दुसऱ्या पालथ्या खोक्यावर काठ्यांनी ठेका द्यायचा आणि आमच्यापैकी कुणाशी फारसं बोलायचा नाही. गार्लंड हसायचा नाही. तो माझ्या डाव्या पायाकडे बघत आपला उजवा ओढायचा, पुन्हा, पुन्हा, माझ्यापेक्षा जास्त काळजीने. एका माणसाच्या डोळ्यांत बघत उन्हाळाभर नाचलं की जे व्हायचं ते झालं, निदान माझ्या बाजूने. त्याच्या बाजूला काय होतं ते मला कधी कळलं नाही, कारण काच स्वतःचं काही दाखवत नाही. आणि पाय गेला. ऑगस्ट संपेपर्यंत मी सरळ चालायला लागले होते. ठणक इतकी असायची की पायऱ्या चढताना ओठ चावायची, पण सरळ. मग एक दिवस क्लबाचा मालक येऊन रांग बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी तळघराच्या दारातच गार्लंड म्हणाला, “मिस टार्पली, तुम्हाला घेता येत नाही. दमल्यावर पाय परत येतो तुमचा. माफ करा.” उन्हाळाभर झेल, झेल, आणि दारात मिस टार्पली. मला नाचातून काढलं ह्याच्यापेक्षा ते जास्त लागलं. मी आत पाऊलही ठेवलं नाही. तिथूनच मागे फिरले, आणि जाताना पाय ओढत गेले, मुद्दाम, म्हणजे त्याला नीट दिसावं.

त्यानंतर मी टोप्यांच्या कारखान्यात बसले. बसायचं काम होतं, बरं होतं. दीड-दोन वर्षांत होरेसशी लग्न केलं. तो रोज कारखान्याबाहेर उभा राहायचा, काही न बोलता माझी पिशवी घ्यायचा आणि माझ्या चालीने चालायचा. माझ्या चालीने चालणं सोपं नाही, भले भले पुढे निघून जातात. ढोलवाल्याला ते जमलं. मला वाटलं, हा माणूस पुरे आहे. पुढे होरेस गार्लंडबरोबरच वाजवत राहिला, सगळे शो, सगळे दौरे, आणि त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पोट त्याच्यावर होतं. फक्त मी एकही शो पाहिला नाही. गार्लंड मीक्सचं नाव निघालं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. टीव्हीवर त्याचं काही लागलं तर मी उठायच्या आधी होरेस उठायचा आणि बटण फिरवायचा. “कशाला, झेल. तुला त्रास होतो,” असं म्हणायचा. मला भरून यायचं. चाळीस वर्षं संसार झालेल्या किती बायकांचे नवरे असं करतात? म्हणून गार्लंडने काय नाचवलं ते अख्ख्या जगाने पाहिलं आणि मी नाही. भाचीने डॉक्टरांच्या सांगण्यावरून, घरी नुसता ‘व्यायामाचा वर्ग’ एवढंच सांगून, इथे माझं नाव घातलं नसतं, तर मी तशीच मेले असते.

मी रेनाटाला काही बोलले नाही. मोजे-बूट बदलले आणि खाली उतरून सरळ अपटाउनची बस धरली, पण घराच्या थांब्यावर न उतरता रिव्हरसाइडच्या बाजूला गेले. गार्लंड कुठे राहतो हे हार्लेममध्ये कुणालाही विचारा. बसमध्ये सारखं एकच डोक्यात घोळत होतं. त्याने सांगावं. बाकी काही नको, टाळ्या नकोत, फोटो नको. त्याने तोंड उघडून एवढंच म्हणावं की ते पाऊल ओझेला टार्पलीचं आहे. ज्या पायासाठी मला दारात उभं केलं, तोच पाय त्याने सगळ्या जगाला लावला होता, आणि माझ्या जागी एक हमाल उभा केला होता, तोही माझ्या गावचा. चोर घर लुटतो ते समजतं. पण हा माझ्या घरात राहून शेजाऱ्यांना सांगत होता की हे घर एका हमालाने बांधलं.

दार त्याने स्वतः उघडलं. स्थूल झाला होता, जाड चष्मा, बटणं चुकलेलं लोकरी जॅकेट. पण मान तीच, उंच. क्षणभर त्याला कळलं नाही. मग त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली पायांपर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

“झेल,” तो म्हणाला. “तू उभी आहेस.”

एवढ्या वर्षांनी भेटणाऱ्या माणसाने काय बोलावं ह्याचे मी बसमध्ये पन्नास प्रकार कल्पिले होते. हा त्यातला नव्हता. “बसायला सांगितलं नाहीस तर उभीच राहणार ना,” मी म्हटलं आणि आत गेले. भिंतीवर नाचणाऱ्या पोरींचे मोठे मोठे फोटो होते. सगळ्यांचे उजवे पाय मागे. मी पर्स खुर्चीवर ठेवली, मधलं टेबल बाजूला सरकवलं आणि त्याला म्हटलं, “ये इकडे. काच हो माझी.”

“आत्ता?”

“तुला दुसरं काही काम आहे?”

तो आला. मला वाटलं होतं कुरकुर करेल, गुडघ्याचं कारण सांगेल. आला आणि समोर उभा राहिला, हातभर अंतर ठेवून, जसं तळघरात ठेवायचो. मी उजवा पाय टाकला. त्याने डावा टाकला. मग मी डावा ओढला, मनापासून, आयुष्यभर लपवलेला उशीर सगळा बाहेर काढून, खांदा सोडला, मान वळवली. त्याचा उजवा पाय ओढत आला. खांदा सुटला. मान वळली. दोन म्हातारी माणसं गालिचावर लंगडत होती आणि आमच्यात तसूभर फरक नव्हता. वळलेली मान परत आणल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आपल्याच बुटाकडे पाहिलं.

“ह्यात हमाल कुठे आहे?” मी विचारलं. “त्याच्या मागे मागे चाललास म्हणे. मागून चालणाऱ्याचा पाय तोच राहतो, गार्लंड. बाजू बदलते ती समोरच्याची. जगभरच्या पोरींना तू माझी उलटी सावली शिकवून ठेवलीयस आणि तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.”

तो सोफ्यावर बसला. बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाला, “हमाल नव्हता कोणी.”

“ते मला माहितीये. नॉरफोकची मी आहे.”

“तुला काढल्यावर दोनेक वर्षांनी माझा पाय मागे राहायला लागला. माझ्या नकळत. पोरींना नवीन काही दाखवायला जावं आणि हेच यावं. तुझी चूक काढता काढता मीच ती शिकून बसलो होतो, झेल. आणि एकदा सगळ्या बारा जणींना करायला लावलं तर... तूच म्हणाली होतीस, अकरांना थांबायला सांग. थांबवल्या अकरा. थिएटरात चिडीचूप झालं. तसं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.”

मला इतका संताप आला की हसू फुटलं. “मग बोलवायचं होतंस मला तेव्हा. मेले नव्हते मी.”

“बोलावलं होतं,” गार्लंड म्हणाला.

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. खाली नदीवर कुठलीतरी बोट भोंगा देत होती.

“पहिल्या तालमीच्या आधीच होरेसला सांगितलं, बायकोला घेऊन ये. हे तिचं आहे, रांगेच्या मधे तीच उभी राहणार, मालकाला काय वाटायचं ते वाटो. दुसऱ्या दिवशी तो एकटा आला. म्हणाला, झेल आता उठत नाही. कंबरेतून गेली. डॉक्टरांनी सांगितलंय, नाचाचं नावही काढायचं नाही तिच्यापुढे, आणि तुझं तर मुळीच नाही. नंतर मी दर वेळी विचारायचो, कशी आहे. म्हणायचा, पडून असते, पण जेवते नीट.”

“कुठले डॉक्टर?” मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

“मला कसं माहीत असणार? मग पेपरवाले विचारायला लागले, हे पाऊल कुठून आलं. पलंगाला खिळलेल्या बाईच्या लंगडण्यावर मी नाव कमावलं, असं सांगू? तुझ्या दारात फोटोवाले पाठवू? सुचेल ते सांगितलं. गाव तेवढं तुझं ठेवलं.”

“दहा गल्ल्या पलीकडे राहतो आम्ही. चाळीस वर्षांत एकदा बघायला आला असतास.”

“आलो असतो,” तो म्हणाला. मग थांबला, आणि मला त्याचं हे एक मानावं लागेल की पुढचं त्याने खाली न बघता सांगितलं. “पण नाही आलो. तू पडून आहेस हे माझ्याही सोयीचं होतं, झेल. पुढे पुढे तर फारच. लोक मला विचारायचे आणि मला तो हमाल दिसायचासुद्धा. त्याची टोपी दिसायची.” मग म्हणाला, “शनिवारी सांगतो. सगळ्यांसमोर, तुझं नाव घेऊन. तुला मधे उभी करतो.” ज्यासाठी आले होते ते मिळालं होतं. मी पर्स उचलली, हो म्हटलं, लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. प्रत्येक पायरीवर दुखत होतं आणि मी ओठ चावले नाहीत.

दहा गल्ल्या मी पायी गेले. पाय लपवला नाही, त्याच्यात लपवायची ताकदच उरली नव्हती. ज्या वर्षी मी पडून होते म्हणे, त्या वर्षी मी रोज कारखान्यात चालत जायची आणि रविवारी चर्चनंतर स्वयंपाकघरात रेडिओ लावून होरेसच्या देखत नाचायची. तो टेबलावर बोटांनी ठेका द्यायचा. त्याच बोटांनी रात्री तिकडे. मला आठवलं, बँडमधला एकही माणूस कधी आमच्याकडे जेवायला आला नाही. होरेस म्हणायचा, कामाची माणसं घरात नकोत, घर ते घर. मला ते किती शहाणपणाचं वाटायचं. एकदा कारखान्यातल्या पोरींनी मीक्सच्या शोची तिकिटं काढली होती, माझंही काढलं होतं, आणि होरेसने माझे हात हातात घेऊन सांगितलं होतं, “नको जाऊस, माझ्यासाठी नको जाऊस,” आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या अपमानाचं दुःख ह्याला माझ्याहून जास्त आहे, असं समजून मी तिकीट शेजारणीला देऊन टाकलं. बटण फिरवायला उठणारा होरेस. पिशवी घेणारा होरेस. प्रत्येक चांगली आठवण हातात घ्यावी आणि तिच्या मागे दुसरंच काही चिकटलेलं निघावं, असं चाललं होतं. गार्लंडने एक पाऊल नेलं होतं. आणि ह्याने तर मला जिवंतपणी पलंगावर निजवून ठेवलं होतं, वर दर वर्षी तब्येत कळवत होता. गार्लंडवरचा राग मी इतकी वर्षं सांभाळला, धुतला, वाळवला, घडी घालून ठेवला. होरेसवर रागवायची मला सवयच नव्हती. कुठून सुरुवात करायची तेही कळत नव्हतं. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि ओळखीची एक बाई विचारून गेली, काय गं, दम लागला का?

निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक होरेस करतो. जिन्यातच डुकराची हाडं घातलेल्या कॉलर्डच्या पालेभाजीचा वास येत होता. ओव्हनमधून मक्याची भाकरी काढून त्याने फडक्याखाली ठेवली होती. “आलीस? झाला व्यायाम?” त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं. त्याचे खांदे अरुंद झालेत अलीकडे. मी दारातच उभी राहिले.

“गार्लंडकडे गेले होते.”

पळी फिरत होती ती फिरतच राहिली. तेवढ्याच गतीने. त्याचा ठेका आयुष्यात कधी चुकला नाही. “काय म्हणाला?”

“म्हणाला, तू उभी आहेस.”

आता पळी थांबली. त्याने गॅस बारीक केला आणि वळला. मला वाटलं होतं काहीतरी बनवून सांगेल. नुसता बघत राहिला, तळघरातल्या कोपऱ्यातून बघायचा तसा.

“किती वर्षं पडून होते मी, होरेस?”

“मी सांगणार होतो.”

“कधी?”

“दर वेळी.”

“आणि जेवत होते नीट.”

“झेल, तू गेली असतीस.”

“नाचायला? हो, गेले असते.”

“त्याच्याकडे.”

“तो मला तसं विचारतसुद्धा नव्हता. तुला माहीत होतं.”

“तू बघायचीस त्याच्याकडे,” होरेस म्हणाला. “उन्हाळाभर. मी खोक्यावर बसलेलो असायचो. मला दुसरं काय काम होतं, बघण्याखेरीज?” त्याने हात फडक्याला पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. “तुला वाटतं मला सोपं होतं ते? रोज रात्री त्या पोरी पाय ओढायच्या आणि मी तुझ्या पायाला ठेका द्यायचो. त्यांच्या नाही, तुझ्या. तो उशीर नेमका किती, ते त्या बारा जणींना माहीत नव्हतं, गार्लंडलाही नव्हतं. मला माहीत होतं. मी तुझ्यासाठीच वाजवत होतो, झेल.”

“मला कुठे ऐकू येत होतं, होरेस.”

 तो खुर्ची ओढून बसला. भाजी पुटपुटत होती. मला त्याच्याजवळ जाऊन त्याच्या टकलावर हात ठेवावासा वाटला, कारण तो रडत होता आणि तो रडताना मला बघवत नाही, आणि असं वाटावं ह्याचाच मला भयंकर राग आला. चाळीस वर्षांत हा हातही मी त्याच्याबद्दलच्या माझ्या गैरसमजावरच ठेवत आले होते. माझं काय आणि मला बनवून दिलेलं काय, हे वेगळं करायला आणखी चाळीस वर्षं लागली असती, आणि ती माझ्याकडे नव्हती.

“शनिवारी तो सांगणार आहे,” मी म्हटलं. “सगळ्यांसमोर. मला मधे उभी करणार आहे.”

होरेसने वर पाहिलं. त्याचा चेहरा इतका उजळला की मी नजर बाजूला केली. “मग चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. निवृत्त झालो तरी शनिवारी मीच वाजवतोय. तुझ्याच पायाला, आता तरी समोर... बरोबरच निघू आपण, सकाळी लवकर. तो निळा पोशाख घाल.”

“मी जाणार आहे. तू यायचं नाहीस.”

“अगं, ठेका कोण देईल?”

“देईल कुणीतरी.”

तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला. बोटं टेबलाच्या कडेवर होती, पण वाजत नव्हती. मी हात धुतले, फळीवरून एक ताट काढलं आणि माझ्यापुरतं वाढून घेतलं.